सुट्टी आणि पाखरे

मजूर चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला, की पगार, बोनस आणि कामाचे तास यांवर काही ऐकावयास मिळणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आमचा विषयही कामाच्या तासांशीच निगडित आहे. फक्त ते तास संपल्यावर जे उरते त्याचा आहे. सुट्टी मिळाली, तिचे काय करावे? आणि त्यातही एक विशिष्ट प्रकारची सुट्टी, म्हणजे जाणत्या माणसाला बरोबर घेऊन रानात, खाडीवर किंवा नदीच्या पाणथळीत पाखरे पाहण्यासाठी काढलेली सहल, आपल्या गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या माणसाच्या उपयोगाची आहे काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे. ते का, हे या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम सुट्टीविषयी. मुंबईच्या कामकऱ्याला रविवार कोणी दान म्हणून दिलेला नाही. गिरण्या सुरू झाल्या तेव्हा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रासमोर उभे राहावे लागे, आणि आठवड्याला हक्काची सुट्टी अशी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली. सभा झाल्या, अर्ज झाले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. कुलदैवताचे दर्शन, घरची कामे आणि समाजाचे काम या गोष्टींसाठी माणसाला एक दिवस हवा, असा त्या मागणीचा आशय होता. आज त्या गिरण्या राहिल्या नाहीत. १९८२ च्या संपानंतर एकेक बंद पडत गेली आणि त्यांच्या आवारात मनोरे उभे राहिले. पण बारा-बारा तास दारावर उभा असलेला पहारेकरी आणि पाठीवर खोके घेऊन जिने चढणारा पोऱ्या यांना विचारा. आठवड्याची सुट्टी ही त्यांच्यासाठी आजही मागून घेण्याची गोष्ट आहे. इतक्या कष्टाने मिळविलेला दिवस केवळ झोपेत किंवा दुकानांच्या गर्दीत घालवावा, हे आम्हांस पटत नाही.

पाखरे पाहणे हा श्रीमंतांचा शौक आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही पाखरांची मराठी नावे विचारतो. उन्हाळ्यात पिंपळावर बसून टुक् टुक् असा एकसुरी आवाज करतो तो तांबट. तांबाकाट्याच्या बाजूला ज्याने हातोड्याचा ठोका ऐकला असेल त्याला हे नाव कोणी दिले ते सांगावे लागणार नाही. पाने शिवून घरटे करतो तो शिंपी. खोड कोरतो तो सुतार. पाण्याकाठी शेपटी सारखी खालीवर आपटतो तो धोबी. मासे पकडतो तो धीवर. गुरांच्या पाठीवर बसून कावळ्या-घारींना हाकलतो तो कोतवाल. ही नावे कोणा पंडिताने कोशात बसून पाडलेली नाहीत. बारा बलुतेदारांच्या पोटी जन्मलेल्या माणसांनी, काम करता करता मान वर करून, आपल्याच धंद्यातला एक सोबती ओळखला आणि त्याला आपल्या धंद्याचे नाव दिले. म्हणजे पाखरे पाहण्याची विद्या मुळात कष्टकऱ्यांची आहे. शहरात आल्यावर ती आपल्या हातून सुटली, एवढेच.

पण लोकांच्या या विद्येलाही तपासून पाहावे लागते, आणि ते काम करणारा एक मोठा माणूस आपल्या गिरगावच्या शेजारी, खेतवाडीत वाढला. डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली एक पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मानद चिटणीस मिलार्ड यांनी त्या मुलाला हाकलून न देता ती चिमणी कोणती ते सांगितले आणि पेंढा भरून ठेवलेले इतर पक्षीही दाखविले. पुढे १९२६ साली सलीम अलींना मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात जी नोकरी मिळाली, ती मार्गदर्शक-व्याख्यात्याची होती. प्रेक्षकांना हिंडवून प्राण्यापक्ष्यांची माहिती सांगणे हे त्यांचे काम. अधिक शिक्षणासाठी ते जर्मनीस गेले आणि १९३० साली परत येतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! कामावरून कमी झालेला हा माणूस अलिबागजवळच्या किहीम गावी राहावयास गेला आणि तेथे त्याने सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. त्यातून असे स्पष्ट झाले की घरटे विणतो तो नर. तो घरटे अर्धे विणून थांबतो. मादी येऊन ते पारखते. पसंत पडले तर ती तेथे राहते आणि नर ते पुरे करून दुसरे विणावयास घेतो. आपण नाव दिले सुगरण, आणि विणकर निघाला पुरुष. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने पुढच्या पिढ्यांच्या हाती ही विद्या दिली.

आता अशा सहलीत मार्गदर्शक काय करतो ते पाहू. पुस्तक घेऊन एकटे गेले तर चालणार नाही काय? चालेल; पण पहिल्या वर्षी पदरी फार थोडे पडेल. पाखरू दिसावयाच्या आधी ऐकू येते, आणि कान तयार व्हावयास सोबत लागते. शिवाय कोणत्या झाडाला या पंधरवड्यात फळ आहे, पाणी कालपेक्षा किती उतरले, वारा कोठून आहे, हे त्या गावचा माणूसच जाणतो. तीन ठिकाणांच्या उदाहरणांनी हे स्पष्ट करतो.

शिवडीची खाडी

पहिले ठिकाण आपल्या दाराशी आहे. परळहून शिवडी किती दूर? चालत जाता येईल. तेथील चिखलपट्ट्यावर १९९० नंतरच्या वर्षांत रोहित पक्ष्यांचे थवे दिसू लागले. यांनाच अग्निपंख असेही म्हणतात. साधारण नोव्हेंबरपासून पावसाच्या तोंडापर्यंत ते ठाण्याच्या खाडीत असतात, आणि अलीकडे त्यांची संख्या लाखाच्या पुढे मोजली गेली आहे. त्यांत छोटा रोहित बहुसंख्य. हा पक्षी मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेच्या दट्ट्याने पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या जाळीतून बाहेर सोडतो. सूक्ष्म शेवाळ तेवढे आत राहते. गृहिणी तांदूळ धुताना पाणी ओतून देते आणि दाणे राखते, तशातला प्रकार. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यामुळेच त्याच्या पिसांना गुलाबी छटा येते.

येथे जाण्याची वेळ घड्याळावर ठरत नाही, भरती-ओहोटीवर ठरते. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी लोकांचा एक जुना हिशोब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. येईल त्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. त्याच्या सुमारे सव्वासहा तास आधी, सकाळी पावणेनऊला, पूर्ण ओहोटी. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर पाण्याच्या कडेला असतात. पाणी परत चढू लागले की ते चिखलावरून किनाऱ्याकडे ढकलले जातात. तेव्हा चतुर्थी-पंचमीचा रविवार धरावा, ओहोटीच्या वेळी पोहोचावे आणि दोन तास थांबावे. अष्टमीला हाच खेळ भर दुपारी बाराला सुरू होतो. उन्हाने डोळे दिपतात आणि रंग दिसत नाहीत. हिशोब ढोबळ आहे, पण दिनदर्शिकेवरून रविवार निवडण्यास पुरेसा आहे.

शिवडीची परिस्थिती पूर्वीची राहिलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू याच चिखलपट्ट्यावरून समुद्रात उतरतो. खाडीच्या वरच्या अंगास, ऐरोलीला, वनखात्याचे केंद्र आहे आणि तेथून होडीने पक्षी दाखवितात. भरतीच्या वेळी चिखल बुडाला की या पक्ष्यांना विसाव्यासाठी नवी मुंबईतली उथळ तळी लागतात, म्हणजे दिवसरात्र त्यांची खाडीच्या दोन्ही तीरांवर ये-जा चालते. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर एका विमानाची धडक बसून ३९ रोहित मेले. त्या पाखरांचीही ती रोजची कामाची वाटच होती.

सह्याद्रीतली देवराई

दुसरे ठिकाण जुने रान. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. शेकरू ही मोठी खार येथील प्रसिद्ध रहिवासी. पण ज्याला खरोखर जुने रान पाहावयाचे आहे त्याने देवराईत जावे. डिंभे धरणाच्या पलीकडे, सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे गावाला अशी देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, वाळकी फांदीसुद्धा घरी न्यायची नाही, असा नियम महादेव कोळी आणि इतर डोंगरी लोकांनी पिढ्यान्पिढ्या पाळला. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात अशा देवरायांचा अभ्यास करून, आजूबाजूची राने गेली तरी जुनी झाडे येथे टिकली हे दाखवून दिले.

जुन्या झाडाचे पाखरांना एवढे महत्त्व का? तर जुन्या झाडाला ढोली असते. सुतार पक्षी वाळक्या खोडात खोली कोरतो, एक हंगाम राहतो आणि निघून जातो. मग तेथे पोपट येतो, मैना येते, दयाळ येतो, कधी पिंगळा येतो; पागडी नाही, भाडे नाही. धनेशाला तर मोठ्या झाडाची मोठी ढोलीच लागते. मादी आत बसून तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि ती आत असेतो नर फळे आणून त्या फटीतून भरवतो. त्या काळात नर मेला तर आतले कुटुंब उपाशी राहते. घरात एकच मिळवता असण्याचा धोका आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. आणि धनेश फळे खाऊन बिया रानभर टाकतो, म्हणून जुन्या झाडांना नवी पिढी मिळते. तेव्हा वाळके झाड निरुपयोगी म्हणून तोडणे म्हणजे भरलेली चाळ मोकळी समजून पाडणे होय.

रानात नवख्या माणसाची निराशा होते, कारण अर्धा-अर्धा तास एक पाखरू दिसत नाही. मग एकाएकी सगळी झाडी हलू लागते. निखार, माशीमार, सुतार, कोतवाल असे निरनिराळ्या जातींचे पक्षी एकत्र मोहिमेवर निघालेले असतात. एकाने हलविलेले किडे दुसऱ्याला मिळतात, आणि पहारा सर्वांचा मिळून होतो. बहुधा त्यांत लांब दोरीसारख्या शेपटीचा भृंगराजही असतो, आणि तो इतरांच्या आवाजाची नक्कल करतो. जाणता वाटाड्या अशा वेळी तुम्हांला धावू देत नाही. एका जागी उभे करतो आणि थवा तुमच्यावरून जाऊ देतो.

गोदावरीची पाणथळ

तिसरे ठिकाण नांदूर मधमेश्वर. नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांसाठी दगडी बंधारा बांधला गेला. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला. त्याची बेटे झाली, पाणी उथळ झाले, पाणगवत वाढले. अभियंत्याच्या दृष्टीने तलाव भरून गेला. पक्ष्यांच्या दृष्टीने तो तयार झाला. १९८६ साली येथे अभयारण्य झाले, आणि २०२० साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून त्याची नोंद झाली. महाराष्ट्रातली ती पहिली नोंद. खाणगाव थडी आणि चापडगाव येथे मनोऱ्यावरून पाहता येते.

थंडीत मध्य आशिया व सैबेरियातून आलेली बदके येथे उतरतात. मनोऱ्यावर बसून नीट पाहिले तर एखाद्या मोठ्या कारखान्यातली कामाची वाटणी दिसते. थापट्या आपल्या रुंद चोचीने पाण्याचा वरचा थर गाळतो. तलवार बदक डोके खाली, शेपटी वर करून तळाचे खाते. चमचा आपली चोच विळ्यासारखी डावीउजवीकडे फिरवीत चालतो. शराटी बाकदार चोच चिखलात खुपसते. शेकाट्या लांब पायांमुळे इतरांहून खोल पाण्यात उभा राहतो. कमळपक्षी लांब बोटांच्या जोरावर पानांवरूनच चालतो. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा ठसा असलेला पक्षी शेकड्यांनी पाण्यावर दिसतो. त्याला आपल्या लोकांनी नाव दिले आहे वारकरी. एकाच पाण्यावर इतक्यांचे पोट भरते, कारण प्रत्येकाचे अवजार निराळे आहे. पाणी दोन हात वाढले किंवा आटले की यांतल्या कित्येकांचे काम बंद पडते. म्हणून वरच्या धरणांतून पाणी केव्हा व किती सुटते यावर या पाणथळीचे भवितव्य अवलंबून आहे. निफाडची थंडी राज्यात नाव घेण्यासारखी. पहाटे जाणाऱ्याने घोंगडी विसरू नये.

वाटाड्याची मजुरी

या नांदूर मधमेश्वराला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. मूळच्या भरतपूरची हकीकत बोधप्रद आहे. ती राजाची शिकारीची जागा. १९३८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पाडले गेले, आणि असे आकडे तेथे दगडावर कोरून ठेवले आहेत. बड्या लोकांच्या सुट्टीची ती रीत होती. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले, आणि तेथील सायकल-रिक्षा ओढणाऱ्यांना पक्ष्यांची ओळख शिकविण्यात आली. प्रवाशाला नेता नेता ते पाखरे दाखवू लागले. रिक्षावाल्याची पायांची मजुरी डोळ्यांची आणि कानांची मजुरी झाली. याला आम्ही बढती म्हणतो.

आपल्याकडेही गावातली मुले वाटाडे म्हणून उभी राहत आहेत. तेथे आमचे एक निक्षून सांगणे आहे. वाटाड्या हा कुशल कामगार आहे. त्याचा मोबदला आधी ठरवावा, पुरा द्यावा आणि जेवणावळीत मिळवून टाकू नये. डिंभे धरणात मूळ आंबेगाव बुडाले. अभयारण्य झाल्यावर रानात जाण्यायेण्यावर बंधने आली. निफाडला पाणपक्षी शेतात उतरले तर नुकसान शेतकऱ्याचे होते. पाखरांसाठी ज्यांनी सोसले त्यांच्या घरात पाखरांमुळे चार पैसे गेले नाहीत, तर ती पाखरे त्यांनी का राखावी?

नोंद कशासाठी?

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते मुख्य. संघटनेच्या कामात आम्ही एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. वीस वर्षे काम केलेल्या माणसाचे नाव मस्टरवर नसेल तर कायद्याच्या दृष्टीने तो तेथे कधी नव्हताच. पाखरांचे तसेच आहे. खाडीचा चिखल कागदावर पडीक जमीन असतो, देवराई म्हणजे झाडोरा, आणि पाणथळ म्हणजे बुजवावयाची जागा. तेथे कोण राहते, किती राहतात, याचा लेखी पुरावा असेल तरच बोलता येते. रामसर कराराच्या कसोट्यांपैकी एक सरळ मोजणीची आहे. एखाद्या पाणथळीवर नियमाने २०,००० पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी शेकडा एक तेथे असेल, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. ठाण्याच्या खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले आणि २०२२ साली ती रामसर यादीत गेली. मोजणारे होते म्हणून हे म्हणता आले. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, आणि तीत सामान्य नागरिक स्वखुशीने भाग घेतात. आपल्या राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. चितमपल्ली २०२५ साली गेले. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी आदिवासींकडून पाखरांची नावे गोळा केली आणि मराठीला पक्षिकोश दिला. नोकरदार माणसाला हे करता येते, याचा तो दाखला आहे.

ज्यांना प्रत्यक्ष आरंभ करावयाचा आहे त्यांच्यासाठी थोड्या सूचना. चाळीच्या मंडळाने, वाचनालयाने किंवा कामगार संघटनेच्या शाखेने पंधरा माणसांची एक तुकडी करावी. त्याहून अधिक नको. आठपट मोठे दाखविणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते, आणि ती चौघांत एक असली तरी चालते. कपडे मातकट रंगाचे असावे. मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून ते घरटे सोडून धावत येते. घरट्याजवळ छायाचित्रासाठी रेंगाळू नये. मुलांना पुढे ठेवावे, कारण त्यांचे कान तीक्ष्ण असतात.

आणि एक वही ठेवावी. तारीख, तिथी, वेळ, जागा, पक्ष्याचे नाव, संख्या, एवढे सहा रकाने पुरेत. ज्याचे नाव कळले नाही त्याचे वर्णन लिहावे आणि वाटाड्याला विचारावे. एका रविवारच्या वहीला फारशी किंमत नाही. एकाच जागेच्या दहा वर्षांच्या रविवारांच्या वहीला पुष्कळ आहे. ती वही भरण्याचे काम शिवडीपासून सुरू करता येईल. कार्तिक लागला की चतुर्थीचा किंवा पंचमीचा रविवार दिनदर्शिकेत पाहून ठेवावा.